सुटं टिंब

तुझं नाव कोरायला घेतलंय आन अक्षर सापडत नाय.

हसू नको. शिवणीच्या लाकडाची फळी रंधा मारून चार दिवस पडवीत उभी आहे. तेराव्याला तुझ्या फोटोखाली लाकडाची पाटी लावायची असं प्रकाशनं ठरवलं. "बाबा, मुरबाडपासून शहापूरपर्यंत लोकांच्या दारावर आईची अक्षरं आहेत. तिच्या फोटोखाली छापील कागद चिकटवायचा का?" पोरगा बोलला ते खरं. मी हो बोललो. हो बोलायला काय जातं. पेन्सिल हातात घेतली तेव्हा कळलं, चाळीस वर्षं मी अक्षरं कापली, काढलं एक पण नाय. काढायचीस तू.

ही वही पण तुझीच, नावांची. मागची पानं कोरी होती. बोलायला कोण नाय म्हणून लिहितोय. चुका दिसल्या तर बोट लावू नको.

येक नाव मी काढलं होतं. ते तुला माहीत आहे.

लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढं ठेवलं, अंगठी दिली, बोलले, नवरीचं नवीन नाव लिहा. माहेरी तू हौशी. माझ्या आत्यानं नाव ठरवलेलं कुंदा. मी चौथीत शाळा सोडलेली. क काढला, उकार ओढला, द, काना, वर रेघ. झालं. बायका वाकून वाचायला लागल्या. तुझी थोरली बहीण बनूताई सगळ्यात मोठ्यानं बोलली, "कुदा? अगो हौशे, नवरा सांगतोय कूद! कूद गो, कूद!" मांडव फुटला हसून. आन तू, मुंडावळ्या बांधून मान खाली घालून बसलेली, हिरव्या चुड्याचा हात पुढं केलास आन एका बोटानं रेघेच्या वर तांदळात खड्डा पाडलास. टिंब.

नवी नवरी भर मांडवात नवऱ्याची चूक काढते. माझे कान तापले. त्या दिवशी ठरवलं, हे नाव परत लिहायचं नाय. लिहायचं काय, तोंडानं पण घेतलं नाय. अगो. आयकलं का. प्रकाशची आय. तू माझं नाव घेत नव्हतीस ती रीत होती. मी तुझं घेत नव्हतो तो राग होता. राग कधी गेला ते कळलं नाय, सवय राहिली. आता घ्यायला जातो तर तोंडात 'अगो'च येतं. वहीत लिहिलं, कुंदा. लिहून बघितलं, परक्या बाईचं नाव वाटलं.

अक्षर कसं निवडायचं ते मी तुला कधी इचारलं नाय. तू सांगितलंस तरी मी आयकलं नसतं.

गिऱ्हाईक आलं की तू त्याला बाकावर बसवायचीस. चहा द्यायचीस. तो खिशातून नाव लिहिलेला कागद काढायचा. "कागद ऱ्हाऊ द्या. तोंडानं सांगा." तो सांगायचा, तू आयकायचीस, मग पेन्सिल उचलायचीस. मला वाटायचं नखरे. अक्षर म्हणजे अक्षर. जाड काढा, कोपरे गोल ठेवा, पातं सुखानं फिरलं पायजे आन पाटी हातातून पडली तरी मोडता कामा नये. बस. पण टोकावड्याचा ढाबेवाला बबन आला, त्याला वेलबुट्टीचं अक्षर पायजे होतं, काना संपला की पान फुटायचं असलं. तू त्याला बोललीस, "दादा, तुमी लोकांना जेवाय घालता. तुमच्या अक्षराला पोट पायजे. फुलं काय करायचीत?" आन त्याच्या नावातले दोन ब असे काढलेस की एकेकाच्या पोटात भाकर मावावी.

मी वैतागलो. पोट आलं की माझं काम वाढतं. आधी पोटात भोक पाडा, करवतीचं केसासारखं पातं सोडवा, भोकातून ओवा, परत ताणून बसवा, मग आतून कापा. ब च्या पोटात तर तिरकी काडी, म्हणजे दोन पोटं. बबनला चार वेळा पातं ओवलं. तुला शिव्या घातल्या. तू आतून बोललीस, "जेवनाराचं पोट मोजू नये."

तुझं खरं होतं हे मला कसाऱ्याच्या लहूनं सांगितलं. तू नाय. लहू रेल्वेत रूळ तपासायला होता, बोलायचा तर समोरच्यानं कान पुढं करायचा. तू त्याला बारीक अक्षर काढलंस, लांब पायाचं. मी ते बघितलं, बोललो हे मोडणार, आन तुला न इचारता दीडपट जाड करून कापलं. तो न्यायला आला. पाटी उलटीसुलटी बघितली. बोलला, "अक्षर बेस हाय. पण माझं नाव येवढ्या मोठ्यानं कोण घेत नाय." आन गुपचूप पिशवीत घालून गेला. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. मला वाटलं लाकडाच्या पाटीसाठी येवढं काय. आता मला वाटतं त्याच्या घरी जावं, ती भिंतीवरून उतरवून आणावी, बारीक करून द्यावी. पण तुझा कागद मी तेव्हाच चुलीत घातला होता.

शहापूरचे मास्तर आले ते आठवतं का? नाव काशिनाथ. तू नाव आयकलंस आन पेन्सिल खाली ठेवलीस. मी बोललो काढ की. "कसं काढू? नाव तेच हाय." मी बोललो, "हे मास्तरांचं नाव आहे, तुझ्या नवऱ्याचं नाय." तर बोलतेस, "देवाला काय ठावं कुठला काशि—" आन जीभ चावलीस. मास्तर चहा सांडेपर्यंत हसले. शेवटी तू चार कागद घेतलेस आन उलटीकडून काढलंस. आधी थ, मग ना, मग शि, मग का. मास्तर वाचतात, "थनाशिका. बाई, जपानात जायचं की काय मी?" तू पदर तोंडाला लावून बोललीस, "मी नाव नाय घेतलं. मी उलट्या बाजूनं आले."

वर रेघ मारली नव्हतीस. मी बोललो, रेघ? "ती तुमी मारा. रेघ मारली का नाव होतं. तवर नुसती अक्षरं हायत."

आमच्या कामात पण तसंच आहे. रेघ नसेल तर कापल्यावर चारी अक्षरं चार दिशेला. रेघच धरून ठेवते. मी पट्टी लावली आन मारली. तेवढंच काय ते माझं.

आन टिंब. टिंबाचं भांडण आपलं संपलं नाय.

सगळी अक्षरं रेघेला लटकलेली असतात, टिंब एकटं वर. कापलं की ते खाली पडतं. टक्. फरशीवर पडलं की आतून तुझा आवाज, "पडलं का?" चुलीशी असो, परसात असो, टक् झालं की "पडलं का?" मी बोलायचो, "पडलं." मग तू यायचीस, भुशातून शोधायचीस, फुंकर मारायचीस. पाटी मागच्या फळीवर बसवली की वर गोंदानं टिंब चिकटवायचं, रेघेपासून बोटभर सुटं. दोन पावसाळे गेले की गोंद सुटतो. मग गिऱ्हाईक दारात. शांताचं शाता झालं, वसंताचं वसत झालं. शिव्या मला. म्हणून मी बोलायचो, टिंबाला खालून देठ ठेवू. रेघेतूनच वर आलेला, बारीक. मग पडायचा सवालच नाय. तू आयकायची नाय. "देठ लावला तर टिंब नाय ऱ्हात, लिंबू होतं. टिंब सुटंच पायजे." पडतं त्याचं काय? "पडलं तर उचलायचं. त्यात काय येवढं."

आसनगावला नवीन बिल्डिंगी झाल्या तेव्हापासून काम वाढलं. चिंतामणची पाटी तिथलीच. त्या दिवशी दुपारी जेवण झालं आन आपलं चिंतामणच्या टिंबावरून वाजलं. मी बोललो, "तुझं टिंब पडतं आन शिव्या मी खातो. आता सगळ्यांना देठ. माझी करवत, माझी पाटी." तू बोललीस, "मग अक्षर पण तुमीच काढा." आन पेन्सिल माझ्या पुढ्यात टाकून आत गेलीस.

मी करवतीची मशीन चालू केली. थोड्या वेळानं आतून आवाज आला. टक् नाय, मोठा. वाटलं रागानं हंडा आपटला. येवढी वर्षं तू मला आतून इचारायचीस. मला चिडवायची हुक्की आली. मशीन न थांबवता मी बाहेरून ओरडलो, "पडलं का?"

उत्तर नाय. मी बोललो, बस फुगून.

आन चिंतामणचं टिंब कापायला घेतलं. देठासकट. मुद्दाम जाड देठ ठेवला, तुला दिसला पायजे म्हणून. सावकाश कापलं. कानशीनं कडा घासल्या, बारीक पॉलिश पेपर मारला. मग पाटी हातात घेऊन तुला दाखवायला आत आलो. बघ कसा बसलाय देठ, असं तोंडात तयार ठेवून आलो.

पुढचं तुला माहीत नाय, आन मला लिहायचं नाय.

डॉक्टर बोलले, पडल्या तेव्हाच गेल्या, तुमी पळत आला असता तरी काय उपयोग नव्हता. डॉक्टरांना बोलायला काय. त्यांनी आवाज आयकला नव्हता. मी आयकला होता. आयकून टिंब घासत बसलो होतो.

प्रकाशला हे सांगितलं नाय. कोणालाच नाय.

मशीनला त्या दिवसापासून हात लावला नाय, तरी टक् आयकू येतं. पत्रा तापला की टक्. पाल चुकचुकली तरी मला तेच आयकू येतं. मी बसल्या जागी ताठ होतो. आतून कोण इचारत नाय. कधी वाटतं इचारलंस, मी मान वळवतो, तर परसदाराशी तुझी कोंबडी उभी असते माझ्याकडं बघत. परवा प्रकाशच्या बायकोच्या हातून झारा पडला. मी येवढ्या जोरात उठलो की बाक उलटला. ती बिचारी घाबरली. "काय झालं बाबा?" मी बोललो काय नाय, पायाला मुंग्या आल्या.

तर अक्षर.

प्रकाशनं आसनगावच्या दुकानातून तुझं नाव बारा प्रकारात छापून आणलं. "बाबा, बारा फॉन्ट आहेत. एकदम प्रोफेशनल. कुठला पण सांगा, टाइम कमी आहे." मी चष्मा लावून बघितले. एक लग्नपत्रिकेतला. एक निवडणुकीच्या बॅनरवरचा, हात जोडून मत मागतोय असा. एकाचा काना खाली येईतो केसासारखा बारीक, कापताना शिवणीच्या रेषेवर तुटणार म्हणजे तुटणार. एकाच्या उकाराला अशी शेपूट की पातं वळवता वळवता मनगट जावं. सगळ्यांची टिंबं मात्र सारखी, कंपासनं काढलेली. मी प्रकाशला इचारलं, "यातली तुझी आय कुठली?" तो पण बघत बसला. मग बारा कागद गोळा केले त्यानं. "यात नाय बाबा."

मग मला वाटलं मी हुशार आहे. तुझे ट्रेसिंगचे कागद होते की, लहूचा जाळल्यापासून तू माझ्यापासून लपवून गादीखाली ठेवायचीस ते. कुसुमच्या पाटीतला कु घेतला. शारदाच्या पाटीतला दा घेतला. दोन्ही तुझ्या हातचे. शेजारी ठेवले, पट्टीनं वर रेघ मारली. कुसुम शिवणकाम करायची, तिचा कु मशीनवर वाकल्यासारखा. शारदा सरपंचाची सून, तिचा दा छाती काढून उभा. रेघ मारली तरी दोघी एकमेकींकडं बघेनात. तुझ्या नावाच्या अंगात दोन बाया आल्यात असं वाटलं. कागद उलटा करून ठेवला. उलटून ठेवला तरी मागून दिसायचा. शेवटी परत गादीखाली सारला आन त्या गादीवर आता मी झोपत नाय, पडवीत झोपतो.

तू स्वतःचं नाव कधीच काढलं नाय. एकदा मी बोललो होतो, घराला पाटी करू, तुझं नाव पण घालू. तू बोललीस, "माझं नाव मी कशाला काढू? तुमी काढा. येकदा काढलंय की तांदळात." मला वाटलं टोमणा मारतेस. विषय तिथंच मोडला. आज इतक्या वर्षांनी वाटतं, टोमणा नव्हता तो. तू वाट बघत होतीस का गो? खरंच इचारतो.

हे वरचं लिहिलं त्याला आठ दिवस झाले. तेरावं झालं. लोकं गेली.

पाटी झाली. कशी झाली ते सांगतो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी घरात कोण उठलं नव्हतं. मी परातीत तांदूळ ओतले. हातानं सारखे केले. बोट ठेवलं. इचार केला नाय, बोट जसं गेलं तसं जाऊ दिलं. क, उकार, द, काना, रेघ. वाकडं. उकार तसाच, पोर बसल्यासारखा. येवढी वर्षं अक्षरांत काढली तरी माझं बोट त्या मांडवातच राहिलेलं. आन बघतो तर टिंब नाय. मुद्दाम नाय गाळलं, देवाशपथ. परत कुदा.

बोट उचललं आन बसून राहिलो. खोटं कशाला सांगू, वाट बघितली. वाटलं, तांदळात आपोआप खड्डा पडेल. परात घट्ट धरून ठेवली होती, माझ्याच हातानं हलून पडला असं होऊ नये म्हणून. एक मुंगी रेघेवरून चालत गेली. बाकी काय नाय.

मग तुझ्या फोटोसाठी आणलेली काच परातीवर अल्लाद धरली, वर ट्रेसिंग कागद टाकला आन जसं होतं तसं गिरवलं. सुधारलं काय नाय. फळीवर चिकटवलं, मशीन चालू केली. प्रकाश झोपेतून उठून दारात आला, चौकटीला टेकून उभा राहिला. क चं पोट ओवताना पातं तुटलं. दुसरं लावलं. त्यानं ट्रेसिंग बघितलं. "बाबा, टिंब राहिलं."

"ऱ्हाऊ दे."

"लोकं हसतील."

"आधी पण हसलेत."

मग चिंतामणची पाटी काढली. ती अजून कोण न्यायला आलं नव्हतं. पटाशी घेतली आन तो जाड देठ मुळापासून छाटला. टिंब सुटं झालं, फरशीवर पडलं. टक्. मी बोललो, "पडलं." मोठ्यानं बोललो. प्रकाशला वाटलं त्याला सांगतोय. चिंतामणला दुसरं टिंब करून दिलं, बोटभर सुटं, गोंदानं, तुझ्यासारखं. तुझं खरं गो. देठ गेल्यावर पाटी चांगली दिसते. हे मी त्या दुपारी बोलायला पायजे होतं.

ते देठातून छाटलेलं टिंब मी परत घासलं नाय. खिशात ठेवलं. त्या दुपारी मी जे करत बसलो होतो, ते सगळं तेवढ्यात आहे.

तेराव्याला फोटो मांडला, खाली भिंतीला पाटी ठोकली. बायका आल्या. बनूताईला आता नीट दिसत नाय, काठी टेकत फोटोपर्यंत आली, पाटीवर हात फिरवला. अक्षरावर बोट फिरवून वाचलं. रडता रडता थांबली. "कुदा?" परत बोट फिरवलं. "आजून कुदाच का दाजी? येवढं नांदली माझी बहीण, येक टिंब नाय भेटलं तिला?" आन हसायला लागली. दुखवट्याच्या घरात, काठीवर वाकून, खो खो. मागच्या बायका येकमेकींकडं बघायला लागल्या. हसता हसता तिचं परत रडणं कधी झालं ते तिलाच कळलं नाय. मी तिच्याजवळ गेलो. बोललो, "आहे बनूताई. टिंब आहे." खिशातून काढून तिच्या हातात दिलं. तिनं चाचपलं. "ह्ये मोठं झालं की अक्षराला." मी बोललो, मोठंच आहे ते.

रेघेच्या वर भिंतीला टेकून उभं ठेवलं. बसलं. मग सगळ्यांच्या समोर, बनूताईला वाचून दाखवतो म्हणून, मी बोललो, "कुंदा." लग्नापासून पहिल्यांदा. तोंडातून निघालं. तुझ्या फोटोकडं बघून बोललो, तुला आयकू गेलं नसेल तर परत बोलतो, कुंदा.

लोकं गेल्यावर प्रकाश गोंदाची बाटली घेऊन आला. "बाबा, टिंब नुसतं ठेवलंय तुमी. पडेल ते." मी बाटली त्याच्या हातातून घेतली आन फळीवर ठेवून दिली. त्याला वाटलं मी नंतर लावीन. मी लावणार नाय.

दारावरून माळशेजकडं जाणारी एसटी गेली की भिंत थरथरते, तेवढ्यानं पण ते घसरतं. पंखा जोरात लावला तरी पडतं. दिवसातून चारपाच वेळा पडतं. कुठं पण असलो तरी मला आयकू येतं. हातात पातं असो, घास असो, आंघोळीला बसलेलो असो, जे आहे ते टाकून उठतो. मशीन पहिली बंद करतो. भुशात, बाकाखाली, जिथं गेलं असेल तिथून उचलतो, फुंकर मारतो, रेघेवर ठेवतो. प्रकाशची बायको बोलते, बाबा, येकदा चिकटवून टाका ना, किती वेळा उठता. मी बोलतो, उठू दे गो.

आता पण हे लिहिताना एसटी गेली. टक् झालं. वही तशीच उघडी ठेवतो. आलो, कुंदा.